त्सेल आम झे (ऑस्ट्रिया): आई-बाबा आणि मुलीसोबत पाच रात्री, नियोजन कसं करावं?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न:

मंडळी, नमस्कार. स्वित्झर्लंडचे भाव ऐकून घरच्यांनी हात वर केले, म्हणून ऑस्ट्रियातल्या त्सेल आम झेचा विचार चालू आहे. तळ्याकाठी पाच रात्री, पुढे साल्झबुर्गला दोन आणि परतीच्या आधी म्युनिकला एक, असा कच्चा आराखडा आहे. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात आणि मुलगी दहा वर्षांची आहे. सगळे शाकाहारी, अंडं केकमधलं चालतं, नुसतं नाही.

नेमकं विचारायचं ते असं. शाळेच्या सुट्टीमुळे मे-जून किंवा दिवाळी एवढेच पर्याय आहेत, त्यातला कोणता घ्यावा? गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे-बसवर भागेल? ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता नाशिकहून जाणाऱ्या माणसाने स्वतः चालवावा का? हालश्टाट तिथून एका दिवसात होतं का? आणि व्हिसा जर्मनीचा काढायचा की ऑस्ट्रियाचा? विमान मुंबई-म्युनिक बघतोय.

---

सह्यवारा:

आधी तारखा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

दिवाळी सोडून द्या. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तिथली एकेक गोष्ट बंद होत जाते: आधी शेजारच्या काप्रुन गावाकडच्या धरणांच्या बस, मग श्मिटनहोहे डोंगराच्या केबल कार, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ग्लॉकनरचा रस्ता. स्कीचा हंगाम तेव्हा सुरू झालेला नसतो, त्यामुळे बरीच हॉटेलंही त्या मधल्या आठवड्यांत टाळं लावून सुट्टीवर जातात. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतही हेच चित्र असतं. म्हणजे मेच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग उपयोगाचा नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडते असं धरलं तर मेचा शेवटचा आठवडा ते १२ जून हा तुमचा काळ. त्यातही जूनचा पहिला आठवडा जास्त बरा, कारण धरणांकडची वाहतूक मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला चालू होते. तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीच्या उघडण्याच्या तारखा त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत पानावर बघा. बर्फानुसार त्या पुढे-मागे होतात.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. खोली निवडताना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही त्सेल आम झे-काप्रुन समर कार्ड देता का?" हे कार्ड विकत मिळत नाही. योजनेत सामील असलेल्या हॉटेलात किंवा अपार्टमेंटमध्ये उतरलं की मुक्कामाच्या काळापुरतं फुकट मिळतं. श्मिटनहोहे, किट्झस्टाइनहॉर्न, धरणांची सफर, तळ्यातली बोट, पोहण्याचे किनारे, क्रिमल धबधबा हे सगळं त्यात धरलेलं असतं. काही ठिकाणी रोज जाता येतं, काही ठिकाणी मुक्कामात एकदाच. ती यादी दर हंगामात थोडी बदलते. चार माणसांच्या केबल कारच्या तिकिटांचा हिशेब मांडलात तर कार्ड देणारी जरा महाग खोलीच स्वस्त पडते. स्वस्त खोली बघून कार्ड घालवणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची: वारानुसार कार्यक्रम बांधून नेऊ नका. डोंगरावरची तीन ठिकाणं (किट्झस्टाइनहॉर्न, ग्लॉकनर रस्ता, श्मिटनहोहे) स्वच्छ सकाळीच बघायची. खालची तीन (तळं, काप्रुनची घळ, क्रिमल) ढगाळ दिवसासाठी राखायची. रोज सकाळी साडेसातला तिन्ही डोंगरांचे वेबकॅम उघडा, जे मोकळं दिसेल तिकडे निघा. जूनमध्ये दुपारी दोन-तीननंतर गडगडाटी पाऊस येण्याची शक्यता बरीच असते. वीज चमकायला लागली की केबल कार थांबवतात, मग वर अडकून बसावं लागतं.

ठिकाणांविषयी थोडक्यात:

श्मिटनहोहे १९६५ मीटर, गावातूनच केबल कार. वरून तीन हजार मीटरच्या वरची तीसेक शिखरं एका रांगेत दिसतात. माथ्यावरचे रस्ते रुंद आणि सौम्य आहेत, आईंना जमतील. इथे अर्धा दिवस पुरतो.

किट्झस्टाइनहॉर्न ३२०३ मीटर, पण प्रवासी जातात ते ३०२९ मीटरवरच्या स्थानकापर्यंत. तिथून डोंगराच्या पोटातून ३६० मीटर लांबीचा सपाट बोगदा आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला सज्जा आणि समोर ऑस्ट्रियाचं सर्वोच्च शिखर ग्रोसग्लॉकनर, ३७९८ मीटर. मुलीला बर्फात खेळायचं असेल तर जागा हीच.

मोझरबोडनची धरणं २०४० मीटरवर आहेत. केसेलफॉलपासून बस, मग लेर्शवांड नावाची उघडी तिरकी लिफ्ट, पुन्हा बस. सप्तशृंगीगडाची ट्रॉली आठवा. तशीच रुळांवरून ही जवळजवळ ४३१ मीटर चढते, फक्त फलाट उघडा आणि एका वेळी चढणारी माणसं कितीतरी जास्त. खालच्या जलाशयाची लिंबर्ग भिंत १२० मीटर उंच कमानी धरण आहे. या सगळ्या प्रकल्पाचं बरंच काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेठबिगार मजुरांकडून करून घेतलं गेलं आणि युद्धानंतर अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या पैशांतून ते १९५५ मध्ये पूर्ण झालं. वरून परतीची शेवटची बस चुकवू नका, चालत उतरणं तुमच्या गटाला शक्य नाही.

तळ्याचं पाणी जूनच्या सुरुवातीला पोहायला थंडच असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ते विशीच्या वर जातं. बोटीची फेरी पाऊण तासाची. काठाने पूर्ण प्रदक्षिणा ११-१२ किलोमीटर आणि जवळजवळ सपाट. अर्धी चालून समोरच्या काठावरच्या थुमर्सबाखहून बोटीने परत येता येतं.

---

पेठरोड_एमएच१५:

गाडीबद्दल मी सांगतो.

लायसन्स इंग्रजीत असलं तरी ऑस्ट्रियात आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागतोच. पेठ रोडच्या आरटीओचा नमुना ४-ए परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. नुसता परवाना दाखवून गाडी मिळत नाही. आणि गाडी भाड्याने घेणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड विचारतात. डेबिट कार्डावर काउंटरवर अडतं.

म्युनिक विमानतळावरून निघालात तर ऑस्ट्रियाचा मोटरवे न वापरता पोचता येतं: ए-८ ने झीग्सडॉर्फ, तिथून उतरून इन्झेल, मग लोफर, झालफेल्डन आणि त्सेल. या मार्गाला ऑस्ट्रियाचं विन्येट (मोटरवेचं स्टिकर) लागत नाही. अंतर १९०-२०० किलोमीटर, वेळ अडीच तास धरा. जीपीएसने साल्झबुर्गकडच्या मोटरवेवर नेलं आणि विन्येट नसेल तर दंड थेट भाड्याच्या गाडीवर येतो, वर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. साल्झबुर्गला पुढे जाणारच आहात, त्यामुळे सरळ दहा दिवसांचं डिजिटल विन्येट घेऊन टाकलंत तर डोक्याला ताप नाही. आणि गाडी जर्मनीत घेऊन ऑस्ट्रियात नेणार, हे बुकिंगच्या वेळी कळवा.

मुलीची उंची जर्मनीत १५० आणि ऑस्ट्रियात १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट सक्तीचं आहे. गाडीत त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकतं जाकीट असायला हवं. ताब्यात घेतानाच डिकी उघडून बघा.

आता ग्लॉकनर. रस्ता ब्रुकपासून हायलिगेनब्लुटपर्यंत ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं, सर्वाधिक चढ १२ टक्के. १९३५ साली खुला झाला, अभियंता फ्रांझ वालाक. रस्ता रुंद आहे, कठडे चांगले आहेत, ट्रक नाहीत. कसारा घाट नेहमी चालवणाऱ्याला स्टिअरिंगची अडचण येणार नाही. अडचण दोन ठिकाणी येते.

एक, उजव्या बाजूने चालवणं. सरळ रस्त्यावर सवय होते. पण वळणावर, विशेषतः डाव्या हेअरपिन वळणावर, हात आपोआप आतली बाजू कापायला जातो आणि समोरून मोटरसायकलींचा जथा येत असतो. म्हणून हा रस्ता पहिल्या दिवशी नको, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या.

दोन, उतरताना ब्रेक. वरची हॉखटोर खिंड २५०४ मीटरवर, खालचं ब्रुक साडेसातशेवर. एवढी उंची नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात, वास येतो आणि पॅडल मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे बहुतेक दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड कसा लागतो ते विमानतळाच्या पार्किंगमध्येच विचारून घ्या, कारण नुसत्या "डी"वर ठेवलेली ऑटोमॅटिक उतारावर वेग घेत राहते. वास आलाच तर थांब्यावर उभी करून वीस मिनिटं गार होऊ द्या; चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

क्रम असा ठेवा: सकाळी आठच्या आसपास फेर्लाइटनचा टोलनाका (दिवसाचा टोल ४० युरोच्या वर आहे), मग फुशर टोर्ल, तिथून एडेलवाइसश्पिट्झ (२५७१ मीटर, शेवटचा तुकडा दगडी फरसबंदीचा आणि अरुंद), मग हॉखटोर बोगदा आणि शेवटी कायझर-फ्रांझ-योझेफ्स-होहे, २३६९ मीटर. अकराच्या आत तिथे पोचलात तर पार्किंग मिळतं. समोर पास्टर्झे हिमनदी. जुन्या फोटोंत दिसते तेवढी ती राहिलेली नाही, खाली आणि मागे खूप सरकली आहे. आधी कल्पना असलेली बरी. तिथल्या मार्मोटना (बिळात राहणारे केसाळ डोंगरी प्राणी) काही खायला घालू नका, खारी-चिवडा तर नकोच. जूनच्या सुरुवातीला वर रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती असतात, पण डांबर मोकळं असतं. रात्री रस्ता बंद होतो आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या ४५ मिनिटं आधी.

स्वतः चालवायचं नसेल तर उन्हाळ्यात त्सेलहून मोजक्या बस जातात. वेळापत्रक मात्र कडक आहे आणि एडेलवाइसश्पिट्झ त्यात होत नाही.

---

रुळावरची:

पेठरोड दादांचं सगळं मान्य, पण पाच दिवस गाडी उभी ठेवण्याचे पैसे कशाला? त्सेलला रेल्वे स्थानक तळ्याच्या काठावरच आहे. काप्रुन, क्रिमल, धरणाचा पायथा, सगळीकडे बस जाते. गाडी फक्त ग्लॉकनरच्या दिवसापुरती त्सेलमध्येच भाड्याने घेतली तरी चालतं.

म्युनिक विमानतळ ते त्सेल असं जा: एस-८ लोकलने म्युनिक ओस्ट, तिथून साल्झबुर्गची प्रादेशिक गाडी, साल्झबुर्गला बदलून त्सेल. पहिल्या दोन टप्प्यांना मिळून एक बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचा एका दिवसाचा पास) पुरतं. ते साल्झबुर्ग मुख्य स्थानकापर्यंत चालतं, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच वैध, शनिवार-रविवार दिवसभर. ते फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं. चुकून आयसी किंवा रेलजेटमध्ये बसलात तर विनातिकीट धरतात. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, तीही विसरू नका. साल्झबुर्ग ते त्सेल प्रादेशिक गाडीने दीड तास, ऑस्ट्रियाच्या रेल्वेत सहाच्या आतली मुलं फुकट आणि पंधराच्या आतली निम्म्या भाड्यात. सगळे जोड मिळून साडेचार-पाच तास धरा. विमान सकाळी उतरत असेल तरच हे त्याच दिवशी करा.

पासपोर्ट वरच्या पिशवीत ठेवा. जर्मनी-ऑस्ट्रिया सीमेवर गाडीत तपासणी होते, विशेषतः परत म्युनिककडे येताना.

त्सेलहून क्रिमलकडे जाणारी पिंट्झगाउची छोटी रेल्वे १८९८ पासूनची, ७६० मिलीमीटर रुंदीच्या रुळांची. जुलै २०२१ च्या पुरात वरच्या भागातला मार्ग वाहून गेला, त्यामुळे काही टप्पा बसने जावा लागतो. जाण्याआधी गाडी कुठपर्यंत आहे ते बघा. धबधबा तीन टप्प्यांत एकूण ३८० मीटर. आईंनी फक्त खालचा टप्पा बघावा, तिकीटखिडकीपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. वरपर्यंतची वाट सव्वा तासाची आणि सतत चढाची आहे.

हालश्टाट त्सेलहून नको. गाड्या बदलत एका बाजूलाच अडीच-तीन तास जातात. साल्झबुर्गच्या दोन रात्रींपैकी एका दिवशी करा.

---

डब्याची_काळजी:

जेवणाचं कोणी बोललंच नाही!

शाकाहारी म्हणून सांगितलं तरी तीन ठिकाणी फसगत होते. कासप्रेसक्नोडेल म्हणजे चीजचा तळलेला गोळा, तो स्वतः शाकाहारी, पण सूपमध्ये मिळतो आणि ते सूप बहुधा गोमांसाचं असतं. सॅलडबरोबर मागा. पिंट्झगाउचे कासनॉकन (चीज आणि पिठाच्या छोट्या गोळ्यांचं तव्यातलं जेवण) वर कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालून येतात, आणि पिठात अंडं असतंच. कायझरश्मारन हा गोड पदार्थ तर अंड्यावरच उभा आहे, त्यात मनुका रममध्ये भिजवलेल्या असू शकतात. तुमच्या नियमात बसणारं म्हणजे भाज्यांचा पिझ्झा, फलाफल, बटाट्याचे प्रकार, अप्फेलश्ट्रुडेल. मागताना म्हणा: "ओहने फ्लाइश, ओहने श्पेक, ओहने आय". मांस नको, डुकराचं खारवलेलं मांस नको, अंडं नको. आखाती देशांतले प्रवासी तिथे भरपूर येतात, त्यामुळे डाळ-भात किंवा हुमूस शोधावं लागत नाही.

चार माणसं आणि पाच रात्री म्हटल्यावर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या. शेगडी बहुतेक इंडक्शन किंवा काचेची असते, तेव्हा तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा कुकर न्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापणारच नाही.

नेऊ नये असं: तूप, पेढे, दूध पावडर, पनीर. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी द्राक्षं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नाहीत, ताज्या फळ-भाजीला प्रमाणपत्र लागतं. मेतकूट, भाजणी, लसणाची सुकी चटणी, डाळ, पोहे, बेदाणे न्या.

दुकानं रविवारी बंद, शनिवारी सहाच्या सुमारास बंद. मे-जूनमध्ये असेन्शन, पेंटेकॉस्ट सोमवार आणि कॉर्पस क्रिस्टी या सुट्ट्या येतात, त्या दिवशीही बंद. शनिवारी दुपारीच दूध, पाव, भाजी घेऊन ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचंच प्या.

---

गंगापूररोडकर:

सगळ्यांचे आभार. आता दोनच शंका. बाबांना ३०२९ मीटरवर नेणं धोक्याचं आहे का? आणि कोणीतरी वेर्फेनची बर्फाची गुहा सुचवली आहे, ती वाटेत होईल का?

---

सह्यवारा:

धोका उंचीइतकाच घाईचा आहे. साडेसातशे मीटरवरून तासाभरात तीन हजारावर जाता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल, जिने चढताना छातीत दुखत नसेल, तर बहुतेकांना तास-दीड तास काही होत नाही. तरी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना आकडा सांगून विचारा: "तीन हजार मीटर, दोन तास". नुसतं "डोंगरावर जातोय" म्हणू नका.

जाताना २४५० मीटरवरच्या आल्पिनसेंटरला अर्धा तास थांबा, पाणी प्या, मग पुढची केबल कार घ्या. वर गेल्यावर जिन्याऐवजी लिफ्ट. डोकं जड झालं, मळमळलं किंवा धाप बसेना तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका, लगेच खालची केबल कार. खाली आलं की उतार पडतो. जेवण वर नको, खाली येऊन करा. आणि हा दिवस पहिला ठेवू नका. आधी श्मिटनहोहे करा म्हणजे बाबांना कसं वाटतं त्याचा अंदाज येईल.

कपड्यांचं गणित: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. तळ्याकाठी २० असेल तर वर पाचच्या आसपास, आणि वारा वेगळा. कानटोपी, हातमोजे, न भिजणारे बूट हवेत. गॉगल सगळ्यांना, मुलीला तर नक्की. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे सुजतात.

---

रुळावरची:

वेर्फेन साल्झबुर्ग-त्सेल रेल्वेमार्गावरच आहे, म्हणून "वाटेत" वाटतं. पण त्या गुहेला, म्हणजे आइसरीझनवेल्टला, स्थानकापासून बस, मग वीस मिनिटं चढ, मग केबल कार, पुन्हा वीस मिनिटं चढ, आणि आत सव्वा तासाच्या फेरीत ७०० पायऱ्या चढून तेवढ्याच उतरायच्या. आत तापमान शून्याच्या आसपास, हातात दिवा, फोटोला बंदी. आईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. बाबांनाही नको. तुम्ही आणि मुलगी साल्झबुर्गहून अर्ध्या दिवसात जाऊन या, तोवर आजी-आजोबा मिराबेल बागेत बसतील.

आईंना घळ बघायचीच असेल तर काप्रुनची सिग्मुंड-थुन-क्लाम आहे. ३२० मीटर लांब, लाकडी पूल-वाटा, पण तिथेही पायऱ्या आहेत आणि फळ्या ओल्या असतात. वरच्या बाजूला क्लामझे नावाचं छोटं तळं आहे, तिथे सपाट फिरता येतं. मुलीला घळीतून पाठवा, आई तळ्यापाशी थांबतील.

---

पेठरोड_एमएच१५:

व्हिसाचं राहिलं. विमान कुठे उतरतं याने ठरत नाही, सर्वात जास्त रात्री कुठे त्याने ठरतं. तुमच्या आठपैकी सात ऑस्ट्रियात, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाचा, मुंबईच्या केंद्रात. रात्री समसमान असत्या तर पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. जूनसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या, एप्रिलमध्ये स्लॉट मिळवताना नाकीनऊ येतात. खोलीचं बुकिंग रद्द करता येण्यासारखं ठेवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका. आणि अर्जात लिहिलेल्या रात्री, बुकिंगवरच्या रात्री आणि विमानाच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, ते कागद देण्याआधी बोट ठेवून तपासा. नकार बहुतेक वेळा इथेच येतो.